बदली घोडा

दोन महिन्यांपूर्वी आमच्या भाच्याचा इंग्लंडहून फोन आला. सलाम झाला, घरच्यांची खुशाली विचारून झाली, आणि मग त्याने असा प्रश्न विचारला की आम्हाला हसू आवरेना. "मामू, माझी ती गाडी गेली. तिच्या जागी आता दुसरी कुठली घेऊ?" आम्ही जन्मात एक सायकल आणि एक स्कूटर एवढ्याच वाहनांचे मालक. आम्हाला स्पोर्ट्स कारचा सल्ला विचारणे म्हणजे फकिराला सराफकट्ट्यावरचा भाव विचारणे. तसे आम्ही म्हणालोही. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "गाड्यांची माहिती मला आहे मामू. तीन वर्षं तेच बघतोय. पण एकही मनाला येत नाही. असं का होतं, तेवढं सांगा."

तेव्हा आम्ही हसायचे थांबलो.

हे वाचून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. ज्या समाजाचे दारिद्र्य आणि शिक्षणातले मागासलेपण सच्चर समितीने २००६ साली आकड्यांनिशी मांडले, त्या समाजाच्या वार्षिकात दोन माणसांच्या चैनीच्या गाडीची चर्चा कशाला? आक्षेप रास्त आहे. उधळपट्टीविषयी कुरआनने किती कडक शब्द वापरले आहेत, हे आम्हीही जाणतो. पण वेगवान वाहनावर जीव जडणे ही गोष्ट इस्लामला परकी नाही. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी मदिनेत घोड्यांच्या शर्यती लावल्या होत्या. त्यांची अज़बा नावाची सांडणी कोणाला हार जात नसे. एकदा एका बद्दूच्या तरुण उंटाने तिला मागे टाकले, तेव्हा सहाबांना वाईट वाटले. पैगंबरांनी त्यांना 'एका जनावरासाठी काय एवढे' असे म्हटले नाही. दुनियेत जे जे वर चढते ते खाली आणणे ही अल्लाहची रीतच आहे, एवढेच समजावले. आणि मुख्य म्हणजे, आवडते गेल्यावर त्याच्या जागी दुसरे कसे आणावे आणि आणलेल्याशी कसे वागावे, हा प्रश्न गरीब-श्रीमंत कोणालाच चुकलेला नाही. भाच्यापुढे तो गाडीच्या रूपाने आला. आम्ही लहानपणी तो टांग्याच्या घोड्याच्या रूपाने पाहिला.

आधी गाडीविषयी. ती होंडा कंपनीची एस २०००. कंपनीला पन्नास वर्षे झाल्याच्या निमित्ताने काढलेली ही गाडी १९९९ साली बाजारात आली आणि २००९ साली बंद झाली. दोन माणसांपुरती जागा, वर कापडी छप्पर, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. इंजिन अवघे दोन लिटरचे आणि टर्बोशिवायचे, तरी सुमारे २४० अश्वशक्ती देणारे. साध्या मोटारीचे इंजिन मिनिटाला सहा-साडेसहा हजार फेऱ्यांवर दमते. हे नऊ हजारांच्या आसपास जाई. सहा हजारांच्या सुमारास आतले कॅम बदलत, झडपा अधिक उघडू लागत आणि आवाज एकदम पालटे. भाचा म्हणे, "तिथं ती दुसऱ्याच सुरात गायला लागते मामू." दहा वर्षांत ही गाडी कधी ऑटोमॅटिक गिअरची निघाली नाही. सहा गिअर, आणि सगळे हातानेच टाकायचे. जगभरात मिळून अशा सुमारे १ लाख १० हजार गाड्या बनल्या. त्यातली एक, जुनी, भाच्याने २०१४ साली घेतली. तो बर्मिंगहॅमजवळ नोकरीला होता, लग्न व्हायचे होते. रविवारी फजरची नमाज पढून तो वेल्सच्या डोंगरांकडे निघे आणि दुपारच्या आत परत येई.

२०२१ साली त्याचे वडील, म्हणजे आमचे दुल्हेभाई, आजारी पडले. इकडे दवाखान्याचे बिल रोज वाढत होते. भाच्याने आठवड्याच्या आत गाडी विकली आणि पैसे पाठवले. त्यानंतर दुल्हेभाई चौदा महिने जगले. गाडी विकल्याचा भाच्याला एक दिवसही पश्चात्ताप झाला नाही, हे आम्ही खात्रीने सांगू शकतो. पण हात मोकळे झाल्यावर तो दुसरी शोधू लागला आणि तिथे अडकला.

त्याने आम्हाला एकेक गाडी सांगितली. पोर्शची बॉक्स्टर बघितली. ही १९९६ पासूनची, इंजिन बैठकीच्या मागे, वळणावर अतिशय समतोल. त्याचे म्हणणे, चांगली आहे, पण दुसऱ्याचा कोट घातल्यासारखे वाटते. टोयोटाची जीआर ८६ बघितली. सुबारूच्या जोडीने केलेली, २.४ लिटरचे इंजिन, जोर मागच्या चाकांना, गिअर हाताचे. पण छप्पर पक्के, आभाळ दिसत नाही. बीएमडब्ल्यूची झेड ४ बघितली. जोरदार, पण जड. माझदाची एमएक्स ५ बघितली. हलकी, छप्पर उघडणारी, गिअर हातात बसणारा. पण दोन लिटरच्या इंजिनाची ताकद १८४ अश्वशक्ती, आणि नऊ हजारांचा तो सूर नाही. प्रत्येक गाडीनंतर तो एकच वाक्य म्हणत होता, "एस २००० मध्ये असं नव्हतं."

हे वाक्य आम्ही पूर्वी ऐकले होते. गाडीचे नाव तेवढे वेगळे होते.

आमचे अब्बा मिरजेला टांगा चालवीत. स्टेशनवरून मीरासाहेबांच्या दर्ग्याकडे जाणारे जायरीन आणि मिशन हॉस्पिटलला येणारे पेशंट यांच्यावर आमचे घर चाले. टांग्याला बिजली नावाची घोडी होती. अब्बांनी तिच्यावर कधी चाबूक उगारला नाही. तो नुसता शोभेला होता. कोणते गिऱ्हाईक कुठे उतरणार हे जणू तिला कळे. रात्री अब्बा तिला खरारा करत आणि दिवसभराचा हिशेब तिलाच सांगत. १९६८ च्या पावसाळ्यात तिच्या पोटात शूळ उठला आणि एका रात्रीत ती गेली. आम्ही तेव्हा नऊ वर्षांचे होतो. अब्बांना रडताना आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

टांगा उभा ठेवून चूल पेटत नाही. महिन्याभरात अब्बांनी हातउसने पैसे घेऊन बाजारातून दुसरा घोडा आणला. तरणा, पांढरा, अंगाने बिजलीपेक्षा दणकट. ओझे तिच्यापेक्षा जास्त ओढी. पण तो दर्ग्याच्या कमानीपाशी आपणहून थांबत नसे. थांबला नाही की अब्बा म्हणत, "बिजली असं करत नव्हती," आणि चाबूक खाली येई. जो चाबूक शोभेला होता तो एका महिन्यात कामाला लागला. बिजलीचा तोबरा त्याला मिळाला, पण तिच्या गळ्यातला घुंगरांचा पट्टा खुंटीवरच राहिला. दोन वर्षांनी अब्बांनी तो घोडा एका वीटभट्टीवाल्याला विकला. त्याने आमचे काही वाईट केले नव्हते. दोन वर्षे त्याच्या कमाईवर आम्ही जेवलो, आम्हाला वह्या-पुस्तके मिळाली. आज त्याचे नाव आम्हाला आठवत नाही, कारण अब्बांनी त्याचे नाव ठेवलेच नाही.

अब्बा दुष्ट नव्हते. त्यांच्यासारखा नरम माणूस आमच्या गल्लीत दुसरा नव्हता. तरीही त्यांच्या हातून एका मुक्या जनावरावर जुलूम झाला, आणि तो एका प्रेमापोटी झाला. आमच्या मते या प्रश्नातली नैतिक अडचण इथे आहे. गेलेल्यावर प्रेम करणे हा गुण आहे. पण त्या प्रेमाची वसुली आपण बदली आलेल्याकडून करतो.

घोड्याचे राहू द्या. आपल्या घरांतून दुसरेपणावर दिलेल्या मुली आपण पाहिलेल्या नाहीत काय? पहिली बाळंतपणात किंवा आजारात गेली. पोरे लहान, म्हणून सहा महिन्यांत दुसरी आणली. ती पोरांना न्हाऊ-माखू घालते, सासूची उठबस करते. आणि ईदच्या दिवशी दस्तरखानावर कोणीतरी सहज म्हणते, "पहिलीच्या हाताला काय चव होती!" ती मुलगी गप्प बसते. गेलेल्या माणसाशी बरोबरी करून जिंकता येत नाही, कारण गेलेले माणूस आता चुका करत नाही. त्याच्या जुन्या चुकाही आठवणीत धुऊन निघतात.

गाडीच्या बाबतीतही तेच झाले आहे. पहिल्या काही वर्षांतल्या एस २००० ओल्या रस्त्यावरच्या वळणात मागून अचानक घसरत, म्हणून त्यांचे नाव बदनाम होते. कंपनीने २००४ च्या सुमारास सस्पेन्शन बदलले ते यामुळेच. सुरुवातीच्या गाड्यांना मागची काच प्लास्टिकची होती, ती पुढे खरी काच झाली. आणि कमी वेगात गाडीला ओढ कमी, ही तक्रार तर अनेकांची होती. २०१५ साली याच भाच्याने आम्हाला फोनवर सांगितले होते, "पावसात गाडी गरकन फिरली मामू, जीव मुठीत आला होता." आम्ही त्याला ते आठवून दिले. तो म्हणाला, "हो का? विसरलोच होतो."

या ठिकाणी आम्हाला दोन जुन्या गोष्टी आठवतात. मोटारीच्या गोष्टीत एवढी मोठी नावे आणल्याबद्दल वाचकांनी माफ करावे.

उहुदच्या लढाईतल्या जखमेने हजरत अबू सलमा (रजि.) वारले. त्यांच्या पत्नी हजरत उम्मे सलमा (रजि.) यांना पैगंबरांची शिकवण ठाऊक होती. मुसीबत आली की आपण अल्लाहचेच आहोत हे आठवावे, आणि या दुःखाचा मोबदला व गेलेल्यापेक्षा चांगले काही अल्लाहकडे मागावे. त्यांनी तशी दुआ केली, पण मनात आले की अबू सलमांपेक्षा चांगले कोण असणार? पुढे इद्दत संपल्यावर स्वतः पैगंबरांकडून त्यांना मागणी आली. दुसरी गोष्ट हजरत खदिजा (रजि.) यांची. त्यांच्या निधनानंतर कित्येक वर्षांनीही पैगंबर त्यांची आठवण काढीत. एकदा हजरत आयेशा (रजि.) म्हणाल्या की, अल्लाहने आपल्याला त्यांच्यापेक्षा चांगली पत्नी दिली आहे. पैगंबरांनी स्पष्ट सांगितले की, नाही, त्यांच्यापेक्षा चांगली दिलेली नाही.

वरवर पाहता या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात. एक सांगते, चांगला बदला माग. दुसरी सांगते, त्या जागेला बदला नाही. आम्ही बराच विचार केल्यावर आम्हाला असे वाटले की, दोन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात. ती दुआ 'तसेच' मागत नाही, 'चांगले' मागते. उम्मे सलमांना दुसरे अबू सलमा मिळाले नाहीत. आणि पैगंबरांनी खदिजांची जागा कोणाला दिली नाही, म्हणून आयेशांना त्या जागेवर उभे राहण्याचे ओझे उचलावे लागले नाही. त्यांना स्वतःची जागा होती, आणि ती केवढी मोठी होती हे आपण जाणतो. जुन्याची जागा रिकामी ठेवली तरच नव्याला जागा मिळते. अब्बांनी उलट केले. बिजलीच्या जागी घोडा जुंपला आणि तो बिजली नाही म्हणून त्याला मारले.

भाच्याला हे सांगितले तेव्हा त्याने एक गोष्ट उघड केली, जी आतापर्यंत लपवली होती. शोधता शोधता त्याला त्याची स्वतःचीच गाडी सापडली होती. नंबर तोच. चौथ्या का पाचव्या मालकाने विकायला काढलेली. चाकांच्या वरच्या पत्र्याला गंज, छप्पर फाटलेले, बैठकीवर सिगारेटचे डाग. किंमत अगदी कमी. "बघून कसंतरीच झालं मामू. घेऊ का परत?"

हजरत उमर (रजि.) यांनी एक घोडा अल्लाहच्या वाटेत देऊन टाकला होता. पुढे त्यांनी पाहिले की ज्याला दिला त्याने घोड्याचे हाल केले आहेत. आता तो स्वस्तात मिळेल म्हणून परत विकत घ्यावा असे त्यांच्या मनात आले. त्यांनी पैगंबरांना विचारले. पैगंबरांनी मना केले. एका दिरहमला मिळाला तरी घेऊ नका, असे बजावले. दिलेला सदका परत घेणे किती ओंगळ आहे, हेही सांगितले.

अर्थात भाच्याने गाडी सदका दिली नव्हती, विकली होती. शरियतने त्याला कसलीही आडकाठी नाही. उद्या जाऊन तो ती घेऊ शकतो. हे आम्ही त्याला आधीच सांगितले, कारण नसलेला हराम कोणाच्या गळ्यात मारणे हेही पापच आहे. पण त्या गोष्टीत फतव्यापलीकडचेही एक शहाणपण आहे. द्यायच्या वेळी माणूस मन मोठे करून देतो. परत घ्यायला निघाला की ते देणेच आतून उसवू लागते. म्हणून आम्ही त्याला एकच विचारले, "गाडी परत आली तर तिच्याबरोबर आणखी काय परत येईल असं वाटतं तुला?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "रविवारी परत आलो की इंजिन गरम असतानाच मी अब्बूंना फोन करायचो. ते विचारायचे, आज किती पळवलीस?"

त्यानंतर आम्ही दोघेही काही वेळ गप्प होतो. तीन वर्षे गाडीमागून गाडी नापसंत का होत होती, ते दोघांनाही कळले होते. एकाही गाडीत तो फोन नव्हता.

पुढच्या जुम्म्याला आम्हीच त्याला फोन लावला. मधल्या दिवसांत आम्ही त्याने सांगितलेल्या गाड्यांविषयी थोडे वाचले होते, आणि त्यातली एमएक्स ५ ची हकिकत आम्हाला फार बोधप्रद वाटली. एके काळी हलक्या, उघड्या, दोन माणसांच्या गाड्या म्हणजे इंग्लंडची खासियत. एमजी, ट्रायम्फ, लोटस ही त्यांची घराणी. एकट्या एमजीबी गाड्या १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांवर बनल्या. १९८० साली एमजीचा अ‍ॅबिंग्डनचा कारखाना बंद पडला आणि चाहते हळहळत राहिले. बॉब हॉल या अमेरिकन पत्रकाराने जपानच्या माझदा कंपनीच्या लोकांना सुचवले होते की तसली हलकी गाडी तुम्ही करा. १९८९ साली माझदाने ती आणली. जुन्या इंग्रजी गाड्यांचा हलकेपणा घेतला, उघडे आभाळ घेतले, मागच्या चाकांचा जोर घेतला. तेलाची गळती आणि वायरिंगची रड तेवढी घेतली नाही. आणि आपली गाडी म्हणजे एमजीच, असे सोंगही घेतले नाही. त्यांनी आपले सूत्र स्वतःच्या भाषेतून काढले, 'जिन्बा इत्ताई', म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. २०१६ साली तिचा आकडा दहा लाखांवर गेला. जी दुसऱ्यांच्या रिकाम्या जागेकडे पाहून जन्मली, ती आज स्वतःच कोणाकोणाची आवडती होऊन बसली आहे.

भाच्याची एस २००० तरी निराळी कुठे होती? होंडाने १९६३ साली एस ५०० काढली, मग एस ६००, मग एस ८००. ती १९७० साली थांबली. एस २००० आली ती एकोणतीस वर्षांनी. त्या जुन्या गाड्यांचे चाहते तिच्याकडे पाहून काय म्हणाले असतील, याचा अंदाज आपण करू शकतो.

म्हणून आम्ही त्याला जे सांगितले ते असे. आवडीची आधी वाटणी कर. त्यातले गाडीचे किती, तुझ्या वयाचे किती आणि तुझ्या अब्बूंचे किती, ते वेगळे काढ. गाडीचे जे असेल, म्हणजे हातात बसणारा गिअर, डोक्यावरचे आभाळ, हलके अंग, ते बाजारात मिळेल. नऊ हजारांचा सूर बहुधा मिळणार नाही. धुराचे नियम कडक झाले आणि टर्बोशिवायच्या तसल्या इंजिनांचे दिवस सरले. अज़बाच्या गोष्टीत सांगितल्याप्रमाणे वर गेलेले खाली आले, असे समज. वयाचे जे असेल त्याला शुक्र म्हण आणि सोडून दे. अब्बूंचे जे असेल ते त्यांच्यासाठी दुआ करण्यात घाल. ते कोणत्याही गाडीच्या माथी मारू नकोस. कुवतीबाहेरची घेऊ नकोस आणि व्याजाने तर मुळीच घेऊ नकोस. घरात घडीभर बसून बायकोला विचार, कारण तुझ्या गाडीत दोनच जागा आहेत आणि तुम्ही आता तिघे आहात. आणि घेतलीसच, तर पहिले वर्षभर तिच्यासमोर जुनीचे नाव काढू नकोस. आमच्या या शेवटच्या अटीला तो हसला. आम्ही हसलो नाही. आमच्या डोळ्यांसमोर खुंटीवरचा तो घुंगरांचा पट्टा होता.

मागच्या आठवड्यात त्याचा पुन्हा फोन आला. जुन्या गाडीची जाहिरात बघणे त्याने सोडले आहे. साठवलेल्या पैशांत बसणारी एक जुनी एमएक्स ५ त्याने चालवून पाहिली आहे आणि बायकोनेही होकार दिला आहे. घरची मोठी गाडी आहेच. "नाव काय ठेवू?" त्याने विचारले. आम्ही म्हणालो, "महिनाभर चालव, मग तिचं तिलाच कळेल." मग तो जरा अडखळत म्हणाला, "मामू, रविवारी परत आल्यावर तुम्हाला फोन करू का?"

त्या क्षणी आमच्या लक्षात आले की आता आम्हीच बदली घोडा झालो आहोत. आम्ही हो म्हणालो. मात्र 'आज किती पळवलीस' हे आम्ही विचारणार नाही. ते दुल्हेभाईंचे होते, त्यांच्याकडेच राहू दे. आम्ही विचारू, "घरी पोचलास? चहा घेतलास का?"